गावचे घर: राखण आणि विक्री

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की कोकणातील खेड्यापाड्यांतून घरे शाकारण्याची एकच गडबड उडते. ज्या घरात माणसे राहतात तेथे शिडी लागते, कौले उतरवून झाडली जातात, फुटलेली बदलली जातात, कुजलेली रीप काढून नवी ठोकली जाते आणि मृगाचा पाऊस कोसळण्यापूर्वी छप्पर पुन्हा घट्ट होते. त्याच आळीत दोन-चार घरे अशी असतात की ज्यांना शिडी लागत नाही. त्यांच्या दाराला कुलूप असते. मालक मुंबईस, इंदुरास, बडोद्यास, दिल्लीस किंवा समुद्रापलीकडे असतात. घर राखावे असे त्यांतल्या एकाला वाटते, विकावे असे दुसऱ्याला वाटते, आणि या दोन मतांच्या मध्ये पावसाळे मात्र जात राहतात.

'घर पाहावे बांधून' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. बांधलेले घर राखून पाहावे किंवा विकून पाहावे, असे कोणी म्हणून ठेवले नाही. कारण उघड आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळी घर राखायला घरात माणसे असत. आणि घर विकणे ही बोलण्याची नव्हे, लपविण्याची गोष्ट समजली जाई. आज घर ठेवावे की विकावे हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. पण दोन्हींची पूर्वतयारी एकच असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पडू दिलेले घर विकले जात नाही असे नाही. फक्त तेव्हा घर विकले जात नाही, जागा विकली जाते, आणि पडक्या भिंती उपसण्याचा खर्च किमतीतून वजा होतो.

घराचा पहिला शत्रू पाणी. कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांचे छप्पर ही या पावसाशी केलेली एक शहाणी तडजोड होय. ही कौले करण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ साली काढला. त्यापूर्वी नळीची कौले किंवा गवत यांवरच भागत असे. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते, हलके असते आणि एकेक सुटे बदलता येते. परंतु त्याची सारी मदार एका कौलाची कड दुसऱ्यावर किती चढली आहे यावर असते. माकडांची एक टोळी छपरावरून गेली, किंवा नारळाचे एक फळ पडले, की कौल दोन बोटे सरकते. मग पाणी त्या कौलाच्या खाली सरळ टपकत नाही. ते वाशावर उतरते, वाशाच्या अंगाने वाहत जाते आणि वाशाचे जे टोक भिंतीत गेलेले असते तेथे जिरते. घरात राहणाऱ्याला मधल्या खोलीत भांडे ठेवावे लागत नाही म्हणून तो निश्चिंत असतो. आणि तीन-चार पावसाळ्यांनी वाशाचे टोकच कुजून खचते, आढे वाकते, छपराची पाठ बसते. दहा-वीस कौलांचे काम दहा-वीस वाशांचे होते. बंद घरे कोसळतात ती बहुधा अशीच, वरून सुरुवात होऊन.

याची तपासणी सोपी आहे. भर दुपारी माळ्यावर जावे, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि वर पाहावे. जेथून उजेड येतो तेथून पाणी येणार. पहिल्या सरींत ज्या वाशांवर ओल दिसेल त्यांवर खडूने खूण करून ठेवावी. कारण दिवाळीनंतर सारे वाळले म्हणजे कोठे गळत होते हे कोणालाच आठवत नाही. छपराचे दोन उतार जेथे मिळतात तेथल्या पन्हळीत पाचोळा साचतो. ती पावसापूर्वी एकदा आणि ऐन आषाढात एकदा साफ झालीच पाहिजे. पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या पायाशी मुरू न देता दूर वाहून जाईल असा उतार अंगणाला असावा. एवढे तीन-चार उपचार झाले तर घराच्या दुरुस्तीचा मोठा भाग झालाच असे समजावे.

कौले काढून पत्रे घालण्याची चाल अलीकडे वाढली आहे. दरवर्षीची शाकारणी टळते, हे त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. परंतु ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कौलांबरोबर पत्रेही उडवून नेले. कौल उडते ते एकेक. पत्रा उडतो तो सबंध, आणि शेजाऱ्याच्या घरावर जाऊन पडतो. तेव्हा पत्रे घालायचे झाल्यास ते सांगाड्याला बोल्टांनी आणि सांगाडा भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेला असावा, यात काटकसर करू नये.

भिंतींच्या बाबतीत होणारी चूक वेगळीच आहे, आणि ती बहुधा घरावरील प्रेमापोटी होते. जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या कारागिरांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला, कारण चुना ही ये-जा अडवीत नाही. मुलगा परगावी चार पैसे मिळवू लागला की घराला सिमेंटचा गिलावा करून चकचकीत रंग देतो. सिमेंटला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही. मग आतल्या अंगाला पोपडे धरतात, भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, मातीचे सांधे मऊ होतात. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या घराला चुन्याचाच गिलावा द्यावा. चुना मळणारे गवंडी आता कमी झाले आहेत हे खरे. तरी सिमेंट लिंपून भिंत आतून सडविण्यापेक्षा गिलाव्यावाचून राहिलेला चिरा परवडला.

रिकाम्या घराचे दुखणे आणखी निराळे. राहत्या घरात चूल पेटे, तिची ऊब आणि धूर वाशांना लागून लाकूड कोरडे राही. दारे उघडत, वारा खेळे. कुलूप लागले की हवा कोंडते, लाकूड दमट होते आणि वाळवीला राज्य मिळते. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते. त्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर नुसत्या खरवडून भागत नाही, जाणत्याकडून जोत्याभोवती औषध घालून घ्यावे लागते. जमिनीला टेकलेली लाकडे, भिंतीला लावून ठेवलेला सरपणाचा ढीग, माळ्यावरची जुनी पोथ्या-पुस्तकांची पेटी, ही तिची नेहमीची प्रवेशद्वारे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचे बी भिंतीच्या भेगेत पडते आणि पहिल्याच पावसात रुजते. रोप वितीएवढे असताना मुळासकट निघते. वरचेवर छाटीत राहिल्यास शेंडा दिसेनासा होतो, पण मूळ आत पोसत राहते आणि एक दिवस चिरा बाहेर ढकलते. म्हणून घराची किल्ली गावातल्या एका विश्वासू माणसाकडे असावी, त्याने पंधरा दिवसांनी एकदा दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि त्याला या कामाचा ठरीव मोबदला मिळावा. नात्याच्या भिडेवर चाललेली राखण फार दिवस टिकत नाही.

या मोबदल्याबरोबर एक कागदही व्हावा. घर राखण्यापुरते सोपविले आहे, मालकी मूळ मालकांचीच आहे, असे त्यात स्पष्ट असावे. परवानगीने राहणाऱ्याचा कब्जा कितीही वर्षे चालला तरी तो मालकीविरुद्ध कब्जा ठरत नाही, हे कायद्याचे तत्त्व खरे. पण परवानगी दिली होती हे सिद्ध करण्याची पाळी येते तेव्हा ती देणाराही हयात नसतो आणि घेणाराही. भाडे घेऊन कोणास ठेवायचे असेल तर महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

घाटावरच्या घरांची तऱ्हा वेगळी. मराठवाड्यात आणि सोलापुरच्या बाजूला मातीच्या धाब्याची घरे असत, आणि गळती थांबविण्यासाठी वर्षाआड पांढऱ्या मातीचा नवा थर धाब्यावर चढे. जुना थर कोणी काढीत नसे. अशा धाब्यांचे ओझे वर्षानुवर्षे वाढत गेले आणि ते पेलत होत्या मातीत रचलेल्या, आतबाहेरचे दगड एकमेकांत न गुंतविलेल्या जाड भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात या भिंती उकलल्या आणि धाबी झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली. प्रेमाने, नेमाने केलेली डागडुजीसुद्धा घातक होऊ शकते, याचे याहून दारुण उदाहरण नाही. ज्यांची अशी घरे अजून उभी आहेत त्यांनी नवा थर देण्यापूर्वी जुना उतरवावा, आणि भिंतींतून आरपार जाणारे दगड किंवा सळ्या बसविण्याचा सल्ला अभियंत्याकडून घ्यावा. शहरातल्या स्लॅबच्या घराबद्दल एवढेच सांगता येईल की छताचा पोपडा पडून गंजलेली सळई दिसू लागली तर त्यावर गिलावा लिंपणे म्हणजे जखमेवर नुसते फडके बांधणे. गंजाने लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. आधी वरची गळती बंद करावी, मग सळई साफ करून काम करावे.

विक्रीचा विचार पुढे आला की मालकाचा पहिला बेत असतो तो रंग देण्याचा. ओल धरलेली भिंत रंगविली तर दोन महिने बरी दिसते. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने विकणाऱ्यावर एक कर्तव्य घातले आहे: घरातील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष आपणास ठाऊक आहे आणि खरेदीदारास साध्या दक्षतेने कळणारा नाही, तो त्याला सांगितला पाहिजे. न सांगणे हे त्या कायद्याने कपट ठरविले आहे. यात मालकाचे नुकसान आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्याने छप्पर नीट राखले आहे त्याने घर खुशाल जुलैत दाखवावे. भर पावसात कोरडे असलेले माजघर पाहून खरेदीदाराचा जो विश्वास बसतो तो जानेवारीतल्या रंगाने बसत नाही. विकण्यापूर्वी करण्याजोगी कामे थोडीच असतात: फुटकी कौले, पन्हळी, जुनाट वीजतारा, विहिरीचा उपसा, अंगणातली झुडपे. नवी फरशी, नवे स्वयंपाकघर यांवर खर्च करू नये. घेणारा आपल्या आवडीप्रमाणे ते उखडणारच.

येथपर्यंत दगड-लाकडाच्या घराची गोष्ट झाली. पण खरेदीदार विकत घेतो ते दगड-लाकूड नव्हे, त्यावरील हक्क; आणि तो हक्क कागदांत राहतो. कागदांच्या घरालाही शाकारणी लागते. ती कोणी करीत नाही, आणि म्हणूनच चांगले उभे असलेले घरही विकले जात नाही.

समजा, आजोबांनी १९३५ च्या सुमारास स्वतःच्या कमाईतून घर बांधले आणि १९६२ साली ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आजी, तीन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली. गावच्या दप्तरी थोरल्या मुलाचे नाव लागले, त्यापुढे 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी अक्षरे आली, आणि कुटुंबात सर्वांनी धरून चालले की घर तीन भावांचे. वस्तुतः १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच दिवशी घराचे सहा समान वाटे झाले होते: आजी, तिघे मुलगे आणि दोघी मुली. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असे सर्रास बोलले जाते. ते वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील जन्मसिद्ध हक्काबद्दल खरे आहे; महाराष्ट्रात तर तो १९९४ पासूनच, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना, देण्यात आला होता. २००५ च्या दुरुस्तीसाठी पित्याने त्या दिवशी हयात असणे जरूर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मृत्युपत्राअभावी मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना जी एक आडकाठी होती, ती तेवढी २००५ ने काढली.

पुढे आजी गेली, तिचा वाटा पाचांत गेला. एक आत्या वारली. तिचा वाटा तिच्या पतीला आणि मुलांना गेला. एक काका गेले, त्यांची मुले दोन शहरांत. आज घर विकायचे म्हटले तर वीस सह्या लागतात, आणि त्यांतल्या चौघांनी ते घर कधी पाहिलेलेही नसते. या वीस जणांत भांडण असतेच असे नाही. बहुतेकदा नुसते अंतर असते. पण दरवर्षी त्यांतला कोणी ना कोणी जातो आणि एका सहीच्या जागी तीन होतात. म्हणून घर विकायचे नसले तरी वारसनोंद प्रत्येक मृत्यूनंतर तत्काळ करून घ्यावी, आणि ज्यांना घर नको आहे त्यांनी ज्यांना हवे आहे त्यांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे. ते नोंदणीकृतच असले पाहिजे. साध्या कागदावरचे 'माझे काही म्हणणे नाही' हे वाक्य नात्यात चालते, निबंधकाच्या कचेरीत चालत नाही. बहिणीला चोळी-बांगडी देऊन तिची सही घेण्याची जुनी रीत आहे. तिला तिच्या वाट्याची किंमत सांगून मग ती काय सोडते हे विचारावे, हे अधिक सरळ.

एका वारसाने आपला अविभक्त वाटा परस्पर परक्याला विकला तर काय होते? बापाच्या मृत्यूने पहिल्या वर्गाच्या वारसांकडे आलेल्या घरात उरलेल्या वारसांना खरेदीचा अग्रहक्क असतो. शिवाय कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदारास एकत्र ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे कुटुंबियांना त्याचा वाटा न्यायालय ठरवील त्या किमतीस विकत घेता येतो. पण हे सारे दाव्याने मिळते, आणि दावा चालतो तोवर छपरावर कोणी चढत नाही.

कागदांची ओळख थोडक्यात अशी. सातबारा हा शेतजमिनीचा उतारा. गावठाणातील घरास ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली अनेक गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन पत्रिका मिळू लागल्या. आपल्या गावची झाली असल्यास पत्रिकेवरील क्षेत्र आणि नावे ताबडतोब तपासावीत. घरपट्टीच्या नोंदीने किंवा फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांच्या साखळीने. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीवर उभे असेल आणि जमीन बिनशेती झालेली नसेल, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास ती जमीन परवानगीवाचून घेता येत नाही. हे साठेखत होण्यापूर्वीच पाहावे. जुन्या खतांतील चतुःसीमा 'पूर्वेस फणस, दक्षिणेस पाणंद' अशा असतात. फणस तोडून चाळीस वर्षे झालेली असतात आणि पाणंद शेजाऱ्याच्या कुंपणात गेलेली असते. सरकारी मोजणी करून घेणे हाच त्यावर उपाय, आणि तो खरेदीदार येण्यापूर्वी करावा. नंतर केला तर शेजारी, मालक आणि खरेदीदार असे तिघेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. सामाईक विहिरीचे पाणी आणि जाण्यायेण्याची वहिवाट यांचा उल्लेख खतात शब्दाने यावा.

गोव्यातील घरांना निराळा नियम आहे. तेथील नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नींची मिळकत सामान्यतः सामाईक मानली जाते, त्यामुळे स्थावराच्या विक्रीस दोघांची संमती लागते. एका सहीवर झालेला सौदा तेथे अडतो.

दूर राहणाऱ्यास प्रत्येक वेळी गावी येणे शक्य नसते. कुलमुखत्यारपत्र द्यायचे तर ते आपण राहतो तेथल्या दुय्यम निबंधकापुढे करून प्रमाणित करून घेता येते. परदेशात असल्यास भारतीय वकिलातीत. अधिकार नेमका कोणत्या घराचा आणि कोणत्या कामापुरता हे त्यात लिहावे. देणारा मरण पावला की असा मुखत्यार सामान्यतः संपतो, हेही ध्यानात असावे. आणि केवळ मुखत्यारपत्र व साठेखत यांवर घर 'विकले' असे समजू नये. त्याने मालकी जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

किमतीचा हिशेब चोख असावा. स्थावराच्या विक्रीत वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. नफ्यावर कर लागतो. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला काढावा. ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतल्यास करात सूट मिळते. दर आणि मुदती अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, तेव्हा सौद्याच्या आधीच करसल्लागारास विचारणे बरे. वारसांत रक्कम कशी वाटायची हे खरेदीखतातच लिहून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खात्यात ती मिळावी; थोरल्या भावाच्या खात्यात सारी जमा होऊन मग वाटप, ही पद्धत भाऊबंदकीला आमंत्रण देते.

खत नोंदले, किल्ली दिली, तरी दोन कामे उरतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरातून घरपट्टीचे आणि वीजमंडळाच्या खात्यातून मीटरचे नाव बदलून घेतल्याची पावती विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. नाहीतर नव्या मालकाच्या थकबाकीच्या नोटिसा जुन्याच्या नावाने निघत राहतात. आणि माळ्यावरची ती पेटी उघडून पाहावी. तिच्यात बहुधा रद्दी असते. पण कधी त्याच घराचे मूळ खरेदीखत निघते, आणि ते खरेदीदाराच्या हाती देणे हे विकणाऱ्याचे कायद्याने कर्तव्य आहे.